ताईंना आडवं होता येत नव्हतं

माझ्या मोठ्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. लग्न होऊन खालापूरकडून पोशीरला आले तेव्हा मला भाताच्या रोपाची मूठ कशी बांधतात तेही ठाऊक नव्हतं. ते ताईंनी शिकवलं. मी कशेळ्याच्या शाळेत शिकवते, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. माझे यजमान रसायनीच्या एका कारखान्यात पाळीवर असतात. घर, दोन म्हशी आणि खाचरं हे सगळं ताई आणि माझे मोठे दीर बघतात. दिरांना मी दादा म्हणते. त्यांची एकच मुलगी, कर्जतला कॉलेजात शिकते. मला मूल नाही, त्यामुळे ती दोघींचीच आहे.

ताईंच्या झोपेची आमच्याकडे थट्टा चालायची. पाठ टेकली की झोप. लग्नाघरात, एसटीच्या मागच्या बाकावर, दुपारी ओटीवर नुसती गोणी अंथरून, कुठेही. घोरायच्या पण इतक्या खणखणीत की दादा म्हणायचे, "हिच्यामुळं आमच्याकडं चोर येत नाय." त्यावर ताई म्हणायच्या, "दिवसभर राबून बघा, तुमी पन घोराल."

म्हणूनच त्या पहाटे त्यांना बसलेलं बघून मला नवल वाटलं.

आषाढ होता. आमच्या आळीत तापाची साथ येऊन गेली होती. ताईंनाही ताप आला, अंग दुखलं, थोडे दिवस गोळ्या घेतल्या आणि ताप उतरला. कोरडा खोकला तेवढा राहिला. आळीत बऱ्याच जणांना राहिला होता, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मी शाळेच्या डब्यासाठी उठले तर ताई पडवीत पाटावर बसलेल्या. मांडीवर उशी आणि उशीवर कपाळ टेकलेलं.

"ताई, लवकर उठलात?"

"उठले कसली? झोपलेच नाय."

"खोकल्यानं?"

"खोकला नाय गं." त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "आडवी झाले का हितं सुरी घातल्यासारखं होतं. लांब श्वास घेतला तरी तसंच. मग डाव्या खांद्यापर्यंत कळ जाते. अशी पुढं वाकून बसले का जरा बरं वाटतं."

छाती आणि डावा खांदा म्हटल्यावर मला अटॅकच आठवला. मी यजमानांना उठवलं, दादांना उठवलं. ताई सगळ्यांवर वैतागल्या. "एवढं काय झालंय? वात धरलाय खांद्याला. आज वरच्या खाचरात लावनी हाय, बाया सांगून ठेवल्यात."

आणि त्या लावणीला गेल्या. मला शाळा होती. दिवसभर वर्गात माझं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी घरी आले तर ताई चिखलाचे पाय धूत होत्या आणि हसत होत्या.

"दिवसभर काय नाय बघ. एकदा पन दुखलं नाय."

दादा म्हणाले, "हिचं दुखणं कामाला घाबरतं. कामाला लागली का पळतं, घरी आली का येतं. असला कसला रोग?"

सगळे हसले. मीही हसले, कारण बरं वाटलं होतं. लावणीत बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते, छाती जमिनीकडे. त्या पहाटे पाटावर त्यांनी जसं केलं होतं तसंच. पण हे दोन तुकडे जोडायचे असतात हे आमच्यापैकी कुणाला कसं कळणार? आमच्याकडे हिशोब सरळ होता. हृदयाचं दुखणं असतं तर कामात दुखलं असतं. ज्याला कामात आराम पडतो ते हृदयाचं नाही.

तरीही दुसऱ्या पहाटे त्या पुन्हा पाटावर होत्या, तिसऱ्याही. मग मी ऐकलं नाही, रिक्षा बोलावून त्यांना नेरळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर चांगले आहेत, आमच्या घरातल्या सगळ्यांची दुखणी त्यांनीच बरी केलेली आहेत. त्यांनी नीट तपासलं, छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली.

"काम करताना दुखतं का? चढ चढताना?"

"नाय हो. कामात बरं वाटतं."

"जेवल्यावर आडवं झालं की वाढतं?"

"कधी पन आडवी झाले का वाढतं."

डॉक्टर पट्टी बघत म्हणाले, "अटॅक नाही, घाबरू नका. पित्त वर येतं आडवं झाल्यावर, त्यानंही असं होतं. खोकून छातीचे स्नायूही दुखावलेत. गोळ्या देतो. दुखणं थांबलं नाही तर मात्र कर्जतला जाऊन छातीचा फोटो काढा."

त्यांचं बोलणं पटण्यासारखं होतं, आजही मला तसंच वाटतं. शिवाय पुढे जे झालं त्यानं ते खरंच ठरल्यासारखं वाटलं. गोळ्या सुरू झाल्या आणि आठवड्याभरात दुखणं कमी झालं. मग थांबलंच. सुरी गेली, खांद्याची कळ गेली. ताईंनी दादांना सांगून डॉक्टरांकडे काकड्या पाठवल्या. दुखणं थांबलं नाही तर कर्जतला जा, असं ते म्हणाले होते. ते थांबलं होतं, मग कशाला जायचं?

पण झोप काही परत आली नाही.

आता ताईंना दुखत नव्हतं, गुदमरत होतं. आडवं झालं की पाण्यात बुडाल्यासारखं होतं म्हणायच्या. आधी एकावर एक दोन उशा घेतल्या, मग भिंतीला टेकून बसल्या, मग पुन्हा पुढे वाकून. त्यांचं घोरणं थांबलेलं घर मला परकं वाटायला लागलं. दादा रात्री उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे, सकाळी मात्र त्याबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. एवढी चांगली जेवणारी बाई अर्ध्या भाकरीवर ताट सारायला लागली. "पोट भरल्यासारखं वाटतं, वरती काहीतरी दडपलंय." पाय सुजले. लावणीत तासन्‌तास चिखलात उभं राहिलं की पाय सुजतातच, म्हणून आम्ही गरम पाण्यात मीठ घालून शेकले. सूज घोट्यावरून वर चढली आणि पायातली जोडवी मांसात रुतली. साबण लावून मीच ती काढली. ताई म्हणाल्या, "लग्नात घातली ती आज निघाली." शेजारच्या काकूंनी सुजेवर घेटुळीची भाजी दिली. ती खाल्ली. सूज तशीच राहिली.

मग आवाज गेला. बांधावरून म्हशीला हाक मारली तर पार रस्त्यापर्यंत ऐकू जाणारी बाई, तिला आता घोगरं, हवा सुटल्यासारखं बोलता येई. म्हैस मान वळवून बघायची आणि पुन्हा चरायला लागायची.

गळ्याची शीर मुलीला दिसली. ती आईच्या केसांची वेणी घालत होती. "काकी, जरा इकडं ये." मी गेले. ताई बसलेल्या होत्या, कानाखालून गळ्यापर्यंत एक शीर करंगळीएवढी फुगून उभी होती. त्या हलल्या नाहीत, बोलल्या नाहीत, तरी ती उभीच.

"आईची अशी आधी होती?"

"नाही."

"मग हे काय?"

मला माहीत नव्हतं. मी शाळेत इतिहास शिकवते. शाळेतून येताना जीपमध्ये बसून मी मोबाईलवर शोधत बसायचे. पाय सुजणं, दम लागणं, भूक जाणं. मूत्रपिंड बिघडलं तरी तेच, यकृत बिघडलं तरी तेच, रक्त कमी झालं तरी तेच, हृदय थकलं तरी तेच. सगळंच जुळत होतं आणि काहीच हाती लागत नव्हतं. घरी येऊन मी म्हणायचे, कर्जतला जाऊ या. दादा म्हणायचे, जाऊ या. ताई म्हणायच्या, खालचं खाचर उरकू द्या, मग जाऊ. खालचं खाचर उरकत आलं तोवर त्या पडवीची पायरी चढताना मधेच थांबायला लागल्या.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. मी घरात पाऊल टाकते तोच मोरीकडून आवाज आला. ताई दाराची चौकट धरून उभ्या होत्या, डोळे फिरलेले. दादांनी धावत जाऊन धरलं. अंग गार आणि घामानं ओलं. थोड्या वेळानं डोळे उघडून त्या म्हणाल्या, "अंधारी आली गं." आता कुणी कुणाला विचारलं नाही. दादांनी शेजाऱ्यांची इको गाडी काढायला लावली. मुलगी कॉलेजातून थेट कर्जतच्या दवाखान्यात आली.

तिथल्या डॉक्टरांनी ताईंचा हात हातात घेतला आणि नाडीवर बोटं ठेवून म्हणाले, "लांब श्वास घ्या. आता सोडा. पुन्हा घ्या." पुष्कळ वेळ ते तेवढंच करत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मग त्यांनी गळ्याची शीर पाहिली, छातीला नळी लावून ऐकलं, रक्तदाब पाहिला, फोटो काढायला लावला. फोटो आला तो त्यांनी उजेडासमोर धरला.

"हे हृदय. इथून इथपर्यंत असायला हवं. यांचं बघा कुठपर्यंत गेलंय. खाली फुगलेल्या मडक्यासारखं."

दादांनी विचारलं, "हृदय मोठं झालं म्हनजे?"

"हृदय नाही वाढलेलं. हृदयाभोवती पाणी साचलं असावं, असं मला वाटतंय. श्वास आत घेतला की यांची नाडी जवळजवळ हरवते. त्या पाण्यानं हृदय दाबलं जातंय, त्याला पुरतं उघडता येत नाहीये. पनवेलला न्या. तिथे सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी होते आणि लागलं तर पाणी काढणारे डॉक्टर आहेत. मी फोन करून ठेवतो."

"सकाळी निघतो," दादा म्हणाले.

"आत्ता निघा."

मी यजमानांना फोन लावला. ते पहिल्या पाळीला होते आणि पाळी लांबली होती. त्यांच्या कारखान्यात मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, आत ज्वालाग्राही माल असतो. फोन वाजत राहिला, गेटवरच्या कुठल्यातरी कप्प्यात.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बरोबर आलेल्या माणसानं ताईंना झोपवायला घेतलं. पट्टा बांधायला लागला. ताईंनी, ज्यांच्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं त्यांनी, त्याचा हात झटकून दिला. "नको! झोपवू नको मला, मरंन मी!" तो म्हणाला, "बाई, नियम आहे, झोपायलाच लागतं." मी म्हटलं, "त्यांना आडवं होता येत नाही हो. महिनाभर आडव्या झाल्या नाहीत." त्यानं डॉक्टरांना फोन केला आणि मग म्हणाला, "बसू दे त्यांना. पण धरून ठेवा."

मी समोर बसले. ताई पुढे वाकून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसल्या आणि मी त्यांना दोन्ही हातांनी धरलं. पाठीशी मुलगी. दादा पुढे ड्रायव्हरजवळ.

कर्जतहून चौकपर्यंत जायला एरवी वेळ लागत नाही. पण तो पावसाळ्यातला शनिवार होता. मुंबईकडून गाड्याच गाड्या येत होत्या, धबधब्याला, फार्महाऊसला, कुठे कुठे. समोरची रांग अडली की मागचे उजवीकडून काढत होते आणि आमची बाजू बंद होत होती. सायरन वाजत होता. एका अरुंद पुलाच्या अलीकडे आम्ही पुरते थांबलो. खिडकीतून दिसत होतं, दहाबारा पोरं गाडीचे दरवाजे उघडे टाकून, मोठ्यानं गाणी लावून रस्त्यात भिजत नाचत होती.

दादा उतरले. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. हात जोडून ते एकेका गाडीच्या काचेशी जात होते. "भाऊ, जरा बाजूला घ्या. बायको हाय माझी आत. जरा घ्या ना." कुणी काच खाली केली, कुणी नाही. नाचणाऱ्या पोरांतल्या एकाचं लक्ष गेलं. त्यानं गाणं बंद केलं, आणि ती सगळी पोरं ओलीचिंब गाड्यांमध्ये शिरून हातवारे करायला लागली, मागे घ्या, मागे घ्या. त्यांनी खरंच जीव तोडून केलं. पण गाडी मागे घ्यायला मागे जागाच नव्हती.

आत ताईंचे हात बर्फासारखे झाले होते. ओठांचा रंग बदलला होता. त्या मधेच म्हणाल्या, "मुठी तशाच राहिल्या बांधावर."

"राहू दे, ताई."

"कुजतील."

"दादा लावतील उद्या."

"त्यांना नाय जमत. ते दाट लावतात." मग त्या काही बोलल्या नाहीत. मी बोलत राहिले, काय ते आठवत नाही. मुलगी पाठीमागून "आई, आई" एवढंच म्हणत होती. माझ्या खांद्यावर ताईंचा श्वास लागत होता, छोटा, छोटा, आणि मी फक्त तो मोजल्यासारखा ऐकत होते. दुसरं काहीच करता येत नव्हतं. पाऊस, सायरन, समोर गाड्यांची लाल दिव्यांची रांग, आणि मिठीत धरलेलं माणूस. मिठीत असून त्याला मी कुठेच पोचवू शकत नव्हते.

रस्ता कधी सुटला ते कळलं नाही. पनवेलला पोचलो तेव्हा दारातच लोक उभे होते.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ताईंच्या छातीवर यंत्र फिरवलं आणि पडद्यावर चित्र उमटलं. मला आणि दादांना त्यांनी जवळ बोलावलं. मधे हृदय दिसत होतं, उघडमीट करणारं, आणि त्याच्या सगळ्या बाजूंनी काळं काळं. त्या काळ्यात ते लोंबकळल्यासारखं इकडून तिकडे झुलत होतं.

"हे काळं दिसतंय ते पाणी. आत्ता काढावं लागेल. बरगड्यांखालून सुई घालून. धोका आहे, पण न काढण्यात जास्त आहे."

दादांनी सही केली. बाहेर बाकड्यावर बसल्यावर ते मला म्हणाले, "हृदयात पानी कसं जाईल? पानी कुठून आलं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ते पुन्हा म्हणाले, "पन कुठून आलं?" तेवढ्यात यजमान आले, सुटल्यावर मुलीचा निरोप वाचून, कारखान्याच्या कपड्यांतच. त्यांनी दादांच्या शेजारी बसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आम्ही सगळे दाराकडे बघत बसलो.

दार उघडून डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "निघालं. बरंच निघालं. लालसर आहे, तपासायला पाठवतोय. भेटा त्यांना."

ताईंच्या छातीखालून एक बारीक नळी निघाली होती, तिला पिशवी लावलेली. आणि ताई आडव्या होत्या. पाठीवर, सरळ, एका उशीवर. मला बघून त्यांनी हात किंचित हलवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "झोप येते गं." आणि झोपल्या. दादा पायथ्याशी उभे राहून रडायला लागले. आवाज न करता, तोंडावर उपरणं धरून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. हृदयाभोवती दोन पदरांची पिशवी असते. त्या पिशवीला सूज आली. सुरुवातीला ते सुजलेले पदर एकमेकांवर घासायचे, म्हणून श्वास घेताना, आडवं होताना दुखायचं, आणि पुढे वाकलं की आराम पडायचा.

"मग दुखणं थांबलं कसं?" मी विचारलं. "गोळ्यांनी?"

त्या म्हणाल्या, "पुष्कळदा काय होतं, पदरांच्या मधे पाणी भरलं की घासणं थांबतं. मग दुखणंही कमी होतं."

"म्हणजे आम्हाला बरं वाटायला लागलं तेव्हा..."

"तेव्हा पाणी भरत होतं. हळूहळू भरलं म्हणून एवढे दिवस निभावलं."

दादांनी पाठवलेल्या काकड्या मला आठवल्या. दुखणं थांबलं तेव्हाच पाणी भरत होतं, हे मी दादांना आजही सांगितलेलं नाही.

तपासणीत क्षयाचा संशय निघाला. क्षय म्हणजे फुप्फुसाचा, थुंकीतून रक्त येणारा, एवढंच आम्हाला ठाऊक. तो हृदयाच्या पिशवीलाही होतो हे ऐकून ताई म्हणाल्या, "कुठं जाऊन बसला मेला." गोळ्या सुरू झाल्या, पुष्कळ महिन्यांच्या. त्यातल्या काही गोळ्यांनी तोंड सुजल्यासारखं गोल झालं. पण पायांची सूज उतरली, आवाज परत आला. भात निघेपर्यंत त्या खळ्यावर खुर्ची टाकून बसायला लागल्या. दिवाळीत करंज्या केल्या. झोपायच्या, घोरायच्या. दादा सकाळी सगळ्यांना सांगत, "काल काय घोरली!" जणू काही मोठी बातमी आहे.

आम्हाला वाटलं, संपलं.

शिमग्याच्या सुमाराला त्या म्हणाल्या, लुगडं पोटाला तंग होतंय. मी बघितलं. पोट भरलेलं, पायाला बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. आणि गळ्यात ती शीर पुन्हा उभी. या वेळी मला एका क्षणात कळलं. त्याच दिवशी आम्ही पनवेलला गेलो. या वेळी कुणी उशीर केला नाही, काही चुकलं नाही, एक गोळी बुडवली नव्हती. मला वाटलं होतं, पुन्हा सुई घालतील, पाणी काढतील आणि त्या झोपतील.

पडद्यावर काळं काही नव्हतं.

"पाणी नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पिशवीच आता जाड आणि कडक होत चाललीय. कातडं वाळून आवळावं तशी हृदयाला आवळतेय. औषधं पुरी होऊ द्या, कधीकधी सैल पडते. नाही पडली तर मुंबईला ऑपरेशन, ती पिशवी सोलून काढायची. मोठं ऑपरेशन आहे."

औषधं पुरी झाली. ती सैल पडली नाही.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. ऑपरेशनात जिवाला धोका आहे. नाही केलं तर सूज वाढत जाईल, यकृतावर जाईल, आणि जितकं लांबवू तितकं ऑपरेशन अवघड होईल. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. तपासणीसाठी तिथे ठेवलं होतं तेव्हा शेजारच्या खाटेवर खेडकडच्या एक बाई होत्या. दोघींचं चांगलं जमलं होतं. त्या बाईंना ऑपरेशनला नेलं तेव्हा जाताना त्या ताईंना म्हणाल्या, "माझी फणी तुमच्याकडं ठेवा." त्या परत आल्या नाहीत. फणी ताईंनी त्या बाईंच्या मुलाकडे दिली.

घरी आल्यावर ताईंनी सांगितलं, "मी नाय करनार."

दादा ओरडले, मग रडले. यजमानांनी समजावलं. मुलीनं दोन दिवस जेवण टाकलं. शेवटी सगळ्यांनी मला पुढे केलं, कारण ताई माझं ऐकतात असा घरात समज आहे.

दुपारची वेळ होती. त्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी जवळ बसले आणि मला जेवढं समजलं होतं तेवढं सगळं सांगितलं. लवकर केलं तर बरे होणारे पुष्कळ असतात, असं डॉक्टर म्हणाले होते तेही सांगितलं.

"तुला खातरी हाय का?" त्यांनी विचारलं.

"खात्री कुणाला असते, ताई?"

"मग? अशी हाय ती बरी हाय. दोन घास जातात, चार पावलं चालते, पोर समोर दिसते. छाती उघडून देऊन हे पन गेलं तर?"

"पण हे असंच राहणार नाही ना. वाढत जाणार."

"मला ठाव हाय गं," त्या म्हणाल्या. "मी काय येडी हाय? वाढंल तवा वाढंल." मग सुपातला खडा बाजूला टाकून, "मला भीती वाटते. तुला म्हनून सांगते. त्यांना नको सांगू."

मी त्यांच्या हातातलं सूप घेतलं आणि तांदूळ निवडायला लागले.

यंदाची लावणी दादांनी माणसं लावून उरकली. ताईंना लघवीच्या गोळ्या चालू आहेत, मीठ जवळजवळ बंद आहे. जेवण अळणी झालं म्हणून आधी कुरकुरायच्या, आता तेही नाही. रोज सकाळी शाळेला जायच्या आधी मी त्यांच्या नडगीवर बोट दाबते. खड्डा किती वेळ राहतो ते बघते. काही दिवस तो लवकर भरतो, मग शाळेत दिवस चांगला जातो. काही दिवस भरत नाही. त्या दिवशी त्यांना ते माझ्या तोंडावरूनच कळतं.

गावात कुणाला छातीत दुखलं की आता बायका मला विचारायला येतात. आडवं झाल्यावर वाढतं का, वाकल्यावर कमी होतं का, हे मी विचारते. दुखणं आपोआप थांबलं आणि दम लागायला लागला तर वाट बघू नका, असं सांगते. लक्षणं मला पाठ झाली आहेत. आमच्या घरात आता त्यांचा उपयोग नाही. घरात जे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मुंबईच्या डॉक्टरांचा फोन नंबर मी जपून ठेवला आहे. दर काही दिवसांनी मी ताईंना विचारते, "लावू का?" त्या नाही म्हणत नाहीत. गणपती होऊ देत, म्हणाल्या होत्या. मग भात निघू दे. काल विचारलं तेव्हा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "ही गाभन हाय. हिची सुटका होऊ दे, मग बघू."